रवीच्या नंबरावरची नावं

"आठ, तीन, शून्य..." स्पीकरवरच्या फोनमधून येणारे आकडे भीमराज मोठ्याने परत म्हणत होते आणि दीपा ते लॅपटॉपवर टाकत होती. सहावा आकडा टाकून तिने बटण दाबलं. कोड चुकीचा आहे, असं पडद्यावर लाल अक्षरांत उमटलं. दुसऱ्यांदा.

"बराबर सांग ना रे," भीमराज फोनला म्हणाले.

"बराबरच सांगून राह्यलो," पलीकडून दीपाचा भाऊ रवी म्हणाला आणि फोन बंद झाला.

दीपाने कपाळाला हात लावला. रविवारची सकाळ, घरी धुणं तसंच पडलेलं, आणि ती लोहाऱ्याला बापाच्या घरी नावं आवरत बसली होती. नावं म्हणजे वेबसाइटची. इथली माणसं पुढे भाव येईल म्हणून प्लॉट घेऊन ठेवतात, तशी भीमराजांनी निवृत्त झाल्यावर इंटरनेटवरची नावं घेऊन ठेवली होती. दिग्रसकापूस, बोरीअरबबाजार, यवतमाळमंगलकार्यालय, असली चाळीसेक. एकही विकलं गेलं नव्हतं, जाण्याची चिन्हंही नव्हती. त्यावर कडी म्हणजे, प्लॉट जसा पोराच्या नावावर करतात, तसं हे सगळं घबाड त्यांनी रवीच्या नावावर, रवीच्या मोबाईल नंबरावर केलं होतं.

तेव्हा रवी घरी होता. पुढे त्याने बापाच्या खटपटीने लागलेली कायमची नोकरी सोडली, पुण्याची वाट धरली, आणि भीमराजांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. नंबर मात्र तोच राहिला. दर महिन्या-पंधरा दिवसांनी कुठल्या तरी नावाची मुदत संपायची, ते चालू ठेवायला रवीच्या मोबाईलवर कोड जायचा आणि भीमराज त्याला फोन लावायचे. आला का? आला. सहा आकडे. ठेवतो. इतक्या वर्षांत बापलेक एवढंच बोलले होते.

आज दीपाने ठरवूनच टाकलं होतं. खात्यावर रवीच्या जागी आपला नंबर घालायचा, सगळ्या नावांचं पुढच्या दहा वर्षांचं एकदम भरायचं आणि मोकळं व्हायचं. नंबर बदलायला रवीकडून एक शेवटचा कोड लागत होता, आणि तोच जमेना.

"राहू दे ना," भीमराज म्हणाले. "चालूनच तर राह्यलं हाय."

"माह्या जिवावर चालून राह्यलं. मांगच्या वेळेस शाळेतून अर्धी रजा टाकून आली मी."

"कायले टाकली? म्या सांगतलं होतं का?"

"तुमीच तर म्हणले, आजच्या आज ये."

भीमराज चष्मा पुसायला लागले. उत्तर नसलं की त्यांचा चष्मा हमखास मळायचा.

"दहा वर्षाचं एकदम भरलं तर सस्तंही पडते, बाबा."

"वर्षावर्षाचंच बरं."

या माणसाशी कसं बोलावं, हेच दीपाला कळेना. तिने पुन्हा कोड मागवला. पुन्हा फोन, पुन्हा आकडे, पुन्हा लाल अक्षरं. आता मात्र तिचं डोकं फिरलं. ती आपला मोबाईल घेऊन अंगणात आली आणि तिने थेट रवीला फोन लावला.

"डोये फुटले का तुये? साधे सहा आकडे सांगता येत नाई?"

पलीकडे रवीने नुसता घसा खाकरला.

"तुले इचारून राह्यली मी."

"मुद्दाम चुकवले, ताई."

"काहून?"

"नंबर तुया झाल्यावर बाबा मले फोन कायले लावतीन?"

दीपा अंगणातल्या पायरीवर टेकली. मग म्हणाली, "मंग तूच लाव ना त्याइले."

"लावतो ना. उचलत नाई. कोड पाह्यजे असला का सोता लावतात, तवाच आवाज आयकू येते."

फोन ठेवला तेव्हा दीपाला दोघांचाही सपाटून राग आला होता. बापाचा जरा जास्तच. या दोघांच्या हट्टापायी आपण रजा टाकत राहिलो, आणि दोघांपैकी एकालाही तोंड उघडून सांगता आलं नाही. ती पाय आपटतच आत आली. भीमराज मोबाईल हातात धरूनच बसले होते.

"परत लावू का त्याले?" त्यांनी विचारलं.

नंबर बदलायचं पान दीपाने बंद करून टाकलं. समोर सगळ्या नावांच्या मुदती उघडल्या. वर्षभर विखुरलेल्या तारखा, पण नेमकी आतापासून पुढचे दोन महिने, थेट दिवाळीपर्यंत, एकही नाही. म्हणजे तोवर फोनही नाही. मग तिने नवीन नाव घ्यायचं पान उघडलं.

"झालं का?"

"नाई. एक नवीन नाव घेऊ म्हणते."

भीमराजांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "आतापरेंत त लय झाले म्हणे ना तू?"

"झालेच लय. अजून एक घेऊ."

"कोनतं?"

"मले नाई सुचत. त्याले इचारा."

दीपाने लॅपटॉपवरून मान वर केली नाही. भीमराजांनी नंबर लावला, या खेपेला स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला. पलीकडून लगेच उचलला गेला असावा.

"कोड नाई पाह्यजे," ते म्हणाले. "एक नाव सांग."