शेकोटीवर टांगलेली बर्टविसलची काठी

मी गोल्फची एक जुनी काठी आहे. लोखंडी पात्याची, लाकडी दांड्याची. मित्रांनो, माझी कहाणी ऐकून कुणी हळहळू नका. हळहळणाऱ्यांचा मला वीट आला आहे. अकरा वर्षे मी त्यांच्या डोक्यावर टांगलेली होते आणि त्यांतल्या एकालाही मला थेंबभर तेल लावावेसे वाटले नाही.

माझा जन्म १९२३ साली लँकशायरच्या किनाऱ्यावर, मार्सबी गावच्या गोल्फ क्लबमागच्या एका शेडमध्ये झाला. एमोस बर्टविसल हे त्या क्लबचे पगारी खेळाडू. म्हणजे सभासदांच्या काठ्या बनवायच्या, मोडल्या की दुरुस्त करायच्या, सभासदांना खेळ शिकवायचा आणि वेळ उरलाच तर स्वतः खेळायचे. लोहाराकडून आलेले माझे पाते त्यांनी आठ दिवस घासले. दांडा काचेच्या तुकड्याने तासला, त्याला जवसाचे तेल पाजले आणि जोडावर डांबर लावलेला दोरा गच्च गुंडाळला. मग मला उजेडात धरून म्हणाले, "आता बघू, तू काय दिवे लावतेस ते."

लावले ना! चार वर्षांनी उत्तरेकडच्या मोठ्या स्पर्धेत, अगदी शेवटच्या खेळीत माझ्या मालकांचा, म्हणजे बर्टविसलांचा, चेंडू उंच गवतात रुतला. मी तो तिथून उचलला आणि होलपासून हातभर अंतरावर नेऊन ठेवला. मालक चषक घेऊन गावी परतले. सगळे सभासद क्लबच्या पायऱ्यांवर जमले.

"शाब्बास, बर्टविसल! क्लबचं नाव काढलंस!"

मग त्यांनी चषक मालकांच्या हातून घेतला, आत नेला आणि दार लावून घेतले. मालक बाहेरच. पगारी खेळाडूने पुढच्या दाराने आत पाऊल टाकायचे नाही, असा तिथला रिवाज होता. आत त्यांच्या नावाने पेले उंचावले जात होते आणि ते नेहमीप्रमाणे मागे जाऊन स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभे राहिले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मालकांनी मात्र खिडकीतून मिळालेले, बटाट्याच्या कापांखाली शिजवलेले मटण शांतपणे खाल्ले आणि म्हणाले, "आज मटण मऊ शिजलंय." असल्या माणसाचे काय करावे, तुम्हीच सांगा.

पुढे पोलादी दांडे आले. माझ्या कितीतरी बहिणी परसात घेवड्याच्या वेलांना आधार देत उभ्या राहिल्या. मला मालकांनी शिकवण्यासाठी ठेवले. त्यांची रीत अशी, की चेंडू ठेवायचाच नाही. डोळे मिटायचे, मला फिरवायचे आणि कान द्यायचा. चेंडू जिथे असता, त्याच्या जरा पुढे माझा 'सूंऽ' असा आवाज यायला हवा. त्या जागेच्या आधीच आला, तर जोर वाया गेला समजायचे.

"सूं कुठं झालं?" मालक दर वेळी विचारत.

कापडगिरणीवाले आणि डॉक्टर असली मंडळी यायची आणि वैतागायची. एकजण तर ओरडलाच, "बर्टविसल, डोळे मिटून उभा राहायला मी काय लहान मूल आहे?"

"नाही साहेब. लहान मुलं हे पहिल्याच दिवशी शिकतात."

डोरीन कॅटरलही पहिल्याच दिवशी शिकली. ती त्या खिडकीतून मालकांना चहा देणारी स्वयंपाकघरातली मुलगी. सोमवारी दुपारी कामे आटोपली की शेडमागे यायची. तिच्या हातात मी इतकी सुरेख गायचे, की मालक पाइप ओढायचे विसरत. पुढे तिने परगण्यातल्या स्पर्धा जिंकल्या आणि मालकांचे गुडघे थकल्यावर त्यांच्या जागी तीच शिकवू लागली. मालक तिला म्हणाले होते, "पोरी, माझ्यामागं ही काठी तुझी. तेवढं तेल पाजत जा."

१९५८ च्या वसंतात मालक गेले. तीनच दिवसांनी क्लबचे चिटणीस, मिस्टर हॅलिवेल, मला न्यायला शेडमध्ये आले.

"हा बर्टविसलचा वारसा आहे, डोरीन. क्लबातच शोभेल."

"साहेब, त्यांना तुम्ही कधी आत घेतलं नाहीत."

"अगं, तो काळ वेगळा होता."

"मागच्या महिन्यापर्यंतचं बोलतेय मी."

पण तिचे ऐकतो कोण? मला मोठ्या दालनात शेकोटीच्या बरोबर वर टांगले. खाली पितळी पाटी लावली : 'एमोस बर्टविसल, आपल्यातलेच एक'. हे वाचून मला हसावे की रडावे, ते कळेना. ऑक्टोबर ते एप्रिल खाली कोळसे धगधगत आणि माझा दांडा वर वाळत राही. डोरीन दर हिवाळ्यात दारात येऊन सांगायची, "साहेब, ती काठी तिथून काढा हो. निदान मला महिन्यातून एकदा तेल तरी लावू द्या."

"काळजी करू नकोस. दर शनिवारी पाटी पुसतो आम्ही."

१९६९ साली हॅलिवेल क्लबचे कप्तान झाले. नव्या कप्तानाने सर्वांसमोर पहिला टोला मारायचा, अशी तिथली प्रथा. त्यांनी जाहीर केले, की तो टोला बर्टविसलच्या काठीनेच मारणार. डोरीन धावत आली.

"साहेब, हात जोडते. दांडा पार वाळलाय. मोडेल."

"अगं, विजेत्याची काठी आहे ती!"

मोडले मी. चेंडू दहा पावले घरंगळला. माझे पाते मात्र साठ पावलांवर गुलाबांत जाऊन पडले. लोक पोट धरून हसले. हॅलिवेल हातातला दांडा टाकून म्हणाले, "जुना माल, दुसरं काय!"

डोरीनने गुलाबांत हात घालून माझे पाते शोधले. शेडमध्ये तिने दोन्ही तुकडे बाकावर ठेवले आणि ती हुंदके देऊन रडली. "मला माफ करा, मिस्टर बर्टविसल." मग डोळे पुसून तिने फुटलेला भाग कापला, पाते पुन्हा बसवले आणि डांबराचा दोरा गुंडाळला. मी दीड वीत कमी झाले. मोठ्या माणसाच्या हाताला मी आता पुरत नाही. अकरा वर्षांनी मला तेल मिळाले, तेही मोडल्यावर.

आता शनिवारी गावातली लहान मुले येतात. पोटे पुढे काढून, डोळे घट्ट मिटून मला फिरवतात आणि डोरीन विचारते, "सूं कुठं झालं?"

तिकडे शेकोटीवर, त्याच पितळी पाटीच्या वर, दुसरीच एक काठी टांगली आहे. माळ्यावर सापडलेली, कुणाची ते कुणालाच ठाऊक नाही. पाहुणे तिच्यापुढे टोपी काढतात. ती बदलायला सांगू का, असे एका सभासदाने डोरीनला हळूच विचारले, तर ती म्हणाली, "राहू द्या. त्यांना पाटी पुरते."

मित्रांनो, मी चिडखोर आहे, हे मला मान्य आहे. पण माणूस गेल्यावर त्याच्यासाठी भिंतीवर जागा करण्यापेक्षा, तो असताना त्याला बसायला खुर्ची द्या. आणि तुमच्या घरात लाकडी दांड्याचे काही असेल, तर उठा, आजच त्याला तेल लावा. पाटी नंतर पुसली तरी चालेल.