दोरी कोण ओढणार

राग्ना होव्दे चार वर्षं आमच्या कॉलेजकडून बास्केटबॉल खेळली, पण तिच्या नावावर एकही गुण नव्हता. तिला तो मिळवूच दिला नव्हता. मुलग्यांना सगळं मैदान मोकळं. आम्हा मुलींसाठी मात्र हॉलचे खडूनं तीन पट्टे आखलेले. आपल्या पट्ट्याची रेषा ओलांडली की चूक. फार धावलं तर म्हणे मुलींची तब्येत बिघडते! राग्ना घरी पहाटे उठून बारा गाई पिळायची, तेव्हा कुणाला तिच्या तब्येतीची काळजी नव्हती.

कुणी कुठल्या पट्ट्यात उभं राहायचं ते विटकॉम बाई ठरवायच्या. मुलींचं वसतिगृह, वागणं, मोजे, सगळं त्यांच्याच हाती. नाजूक मुली पुढे टोपलीपाशी आणि शेतावरच्या दांडग्या मुली मागे, अडवायला. राग्ना दरवर्षी विचारायची, "बाई, यंदा पुढे खेळू?" आणि बाई दरवर्षी म्हणायच्या, "तुझी जागा मागे आहे."

शेवटच्या वर्षी तिनं विचारलंच नाही. नाताळच्या सुट्टीत घरच्या गोठ्यात तिनं तुळईला बादली टांगली आणि थेट दुसऱ्या टोकाहून चेंडू फेकत राहिली. "रेषा मला अडवते," ती मला म्हणाली, "चेंडूला नाही."

मार्चमध्ये शेवटचा सामना होता. तो संपला की राग्नाचा खेळही कायमचा संपणार होता. पाहुण्या मुली आम्हाला सपाटून हरवत होत्या. पुरुषांना आत मनाई, त्यामुळे कॉलेजची पोरं बाहेर बर्फात उभी राहून काचांना नाकं चिकटवून बघत होती.

राग्नाच्या हाती चेंडू आला. मी मधल्या पट्ट्यात हात पसरून उभी होते. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बुटाची टोकं रेषेला लावली आणि दोन्ही हातांनी चेंडू असा भिरकावला की तो छताच्या वाशांना घासून थेट टोपलीत पडला. हॉल दणाणला.

"थांबा!" विटकॉम बाई उठल्या. "हा गुण धरायचा नाही. मागच्या मुलीचं काम अडवणं आहे."

पंच म्हणजे आमचे लॅटिनचे लुंड सर, आत येऊ दिलेले एकटेच पुरुष. "बाई, रेषा तर तिनं ओलांडली नाही..."

"मी नाही म्हणाले ना, सर!"

सरांनी मान खाली घातली. राग्नानं हाताची घडी घातली. "ठीक. मग दोरी कोण ओढणार?"

आमच्या टोपलीचं बूड तेव्हा बंद असायचं. चेंडू आत अडकून राहायचा, आणि जिचा गुण झाला तिच्या संघातल्या मुलीनं दोरी ओढली की खाली पडायचा. पंचानं दोरीला हात लावायचा नाही, आणि दोरी ओढली की फळ्यावर गुण चढला, हा आमच्या हॉलचा रिवाज. आणि चेंडू आमच्याकडे एकच होता.

"क्लारा, ओढ दोरी," सर म्हणाले.

क्लारा आमच्यातली सगळ्यात नाजूक, बाईंची लाडकी. तिनं हात पाठीमागे लपवले. "गुण झालाच नाही ना सर? मग कशाला ओढू?"

"तुम्ही तरी ओढा," सरांनी पाहुण्यांना विनवलं.

"आमचा चेंडू नाही तो," म्हणत त्यांची कप्तान फरशीवर बसली. बाकीच्याही बसल्या. एकीनं तर बुटाची नाडी सोडून सावकाश बांधायला घेतली. बाहेर पोरं काचा बडवू लागली.

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "एका दोरीसाठी एवढा तमाशा!" घागरा सावरत त्या तरातरा मैदानात आल्या आणि त्यांनी हिसका देऊन दोरी ओढली. चेंडू त्यांच्याच हातात पडला.

फळ्यावर गुण मांडणाऱ्या थियानं खडू उचलून आमच्या बाजूला दोन गुणांच्या दोन रेघा मारल्या.

"पूस ते!"

"दोरी ओढली गेली, बाई," थिया म्हणाली. "तुम्हीच ओढलीत."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आवरेना. सामना आम्ही हरलोच, पण त्याचं मला आजही काही वाटत नाही.

राग्ना मात्र हसली नाही. बुटाची टोकं पुन्हा रेषेला लावून तिनं लांबूनच बाईंकडे दोन्ही हात पसरले.

"द्या बाई, चेंडू द्या. मी माझ्या जागेवरच आहे."