न वाचायचं शिफारसपत्र

विद्यापीठाच्या अर्जात एक छोटा चौकोन होता. ‘माझ्याबद्दलची शिफारसपत्रं पाहण्याचा हक्क मी सोडत आहे.’ त्यावर खूण करताना मला हसू आलं होतं. हक्क सोडायला काय जातंय? पत्र तर मीच लिहिणार होते.

आपल्याकडे रीतच आहे तशी. कुणाकडेही शिफारस मागायला जा, उत्तर एकच: “ड्राफ्ट तू करून आण, मी सही करतो.” कॉलेजच्या मंदाकिनी मॅडम तेवढ्या अपवाद. त्यांनी आपलं पत्र स्वतः लिहून परस्पर पाठवलं होतं. दुसरं हवं होतं हिंदुराव सरांचं. नारायण पेठेतल्या त्यांच्या वकिलीच्या ऑफिसात मी तीन वर्षं ज्युनिअर होते. मुलीच्या, जैनबच्या वेळी दिवस गेले तेव्हा सोडलं, ते सोडलंच. आता स्कॉटलंडला एलएलएम करायचं होतं, जमिनीच्या कायद्यात. माझ्या नवऱ्याला, नियाजला, त्याच्या हिंजवडीच्या कंपनीने तिकडून काम करायची परवानगी दिली होती, ती याच वर्षापुरती. आणि अर्जाचा शेवटचा दिवस आज होता.

ड्राफ्ट मी चार दुपारींत लिहिला. जैनब झोपली की चाळीस मिनिटं मिळतात. झोपेतही ती माझ्या कुर्त्याचं बटण मुठीत धरून ठेवते, त्यामुळे टाइप एकाच हाताने.

आज सासूबाई कात्रजला पुतणीकडे गेलेल्या. म्हणून जैनबला कडेवर घेऊनच ऑफिसात गेले.

“ताई, पिल्लाला द्या हिकडं,” कारकून दत्तोबा म्हणाले. “तुमी जावा आत.”

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, ड्राफ्ट एकदा वाचला, पुन्हा पहिल्या ओळीवर आले.

“मेहरुन, हा जामीन अर्ज आहे.”

“नाही सर, शिफारस...”

“‘अर्जदार प्रतिष्ठित कुटुंबातील असून तिच्याविरुद्ध पूर्वी कोणतीही तक्रार नाही.’ पुढे ऐक. ‘तिला दोन वर्षांची मुलगी असल्याने मधल्या खंडाकडे सहानुभूतीने पाहावे.’ अर्जदार पळून जाणार नाही, एवढंच लिहायचं राहिलं.” त्यांनी मान वर केली. “आणि तुला तर पळूनच जायचंय.”

बाहेर दत्तोबा हसले. ते हसले म्हणून जैनबही हसली.

माझे कान तापले. तीन वर्षं याच टेबलावर मी जामीन अर्ज लिहिले. बाईचा अर्ज असला की ‘घरी लहान मूल आहे’ हा मुद्दा शेवटून दुसरा. तिथे न्यायाधीश क्षणभर थांबतात, हे मला सरांनीच शिकवलेलं. स्वतःबद्दल लिहायला बसले आणि हात त्याच वाटेने गेला. माझीच मुलगी मी दयेच्या कलमात घातली होती.

“तुम्ही सांगा सर, मी आत्ता बदलते.”

“‘कामात तत्पर, स्वभावाने नम्र.’ नम्र? तू?” त्यांनी ड्राफ्ट घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकला. “बाहेर बस. मी लिहितो.”

“सर, साडेचार वाजलेत.” सर दोन बोटांनी टाइप करतात. एक ओळ म्हणजे एक चहा.

“मग बोलण्यात वेळ का घालवतेस?”

मी बाहेर बाकावर बसले. दत्तोबांनी जैनबला ‘खरी प्रत’चा रबरी शिक्का दिला होता, शाई न लावता. ती तो बाकावर, दत्तोबांच्या गुडघ्यावर, माझ्या तळहातावर उठवत होती. आतून टक... टक... आणि मग बराच वेळ काहीच नाही. तीन वर्षांत सरांनी मला ‘बरं’ याच्यापुढे काही म्हटलं नव्हतं. या माणसाला माझ्याबद्दल लिहिण्यासारखं काय सापडत असेल?

“मथुराबाईंच्या दाव्यात तू पहिल्यापासून होतीस ना?” आतून आवाज आला.

“हो सर. माझा शेवटचा दावा.”

मथुराबाई हिंजवडीच्या. भावांनी त्यांचं हक्कसोडपत्र पुढे केलं होतं; म्हणे बहिणीने अंगठा लावून जमिनीतला वाटा सोडला. मी अंगठा दिलाच नाही, असं त्या सांगत होत्या, पण पुरावा कुठे होता?

“अंगठा खोटा आहे, अशी चिठ्ठी तू फायलीला लावली होतीस. तुला कळलं कसं? विचारायचं राहूनच गेलं.”

“लाडवांवरून, सर.”

टकटक थांबली. सर दारात आले. “कशावरून?”

“त्यांनी मला नाचणीच्या लाडवांचा डबा पाठवला होता. आत कागद होता. ‘रोज एक खा. उपाशी कोर्टात उभी राहू नको. मथुरा.’ अक्षर इतकं सुरेख, की वाटलं, ही बाई अंगठा कशाला लावेल? विचारलं, तर महिला मंडळाचं इतिवृत्त सात वर्षं त्याच लिहीत होत्या. सगळीकडे सह्या.”

“आणि हे बाईंनी आपल्याला सांगितलं नाही?”

“कुणी विचारलंच नव्हतं सर. कागदावर अंगठा बघून आपणही त्यांना निरक्षर धरून चाललो होतो.”

‘आपणही’ म्हटल्यावर मी जीभ चावली. सरांनी फक्त चष्मा पुसला.

“लाडू तुलाच का? मलाही भूक लागते.”

“मला सातवा महिना होता सर.”

जैनबने पुढे होऊन सरांच्या पायावर ‘खरी प्रत’ उठवली.

“हिचं नाव काय?” सरांना पक्षकारांशिवाय कुणाचं नाव लक्षात राहत नाही.

“जैनब.”

ते आत गेले. या वेळी टकटक थांबली नाही.

सहाला दहा कमी असताना दत्तोबांना आत बोलावणं आलं. “गेलं बघा ताई,” म्हणत ते बाहेर आले आणि माझा फोन वाजला. विद्यापीठाचा निरोप: दुसरं शिफारसपत्र मिळालं, अर्ज पूर्ण झाला.

जैनब माझ्या खांद्यावर पेंगत होती, बटण मुठीत. जायला हवं होतं. पण राहवेना. स्कॉटलंडच्या विद्यापीठाला हिच्या नावाशी काय करायचंय? कुठल्या ओळीत बसवलं असेल सरांनी ते?

“सर, काय लिहिलंत?”

“पत्र बघण्याचा हक्क सोडलायस ना? विद्यापीठाने मला तसं कळवलंय.”

“हो, पण...”

“सही खरी आहे ना तुझी? अंगठा नाही ना?”

“नाही सर.”

“मग निघा दोघी,” सर म्हणाले, आणि उठून दार स्वतः उघडून धरलं.