ड्रममधली चावी

ॲकॉर्डियनच्या भात्याने मी एकदा शेजारच्या लोहाराची विझलेली भट्टी पेटवली होती, असं मी चाळीस वर्षं सांगत आलोय. लोहाराने भट्टी मोडून घड्याळांचं दुकान टाकलं, तरी माझी भट्टी अजून धगधगतेच आहे. तेव्हा माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही यात नवल नाही. पण एका रविवारी सकाळी चार माणसांना माझ्याकडून फक्त खरं तेवढंच हवं होतं, आणि माझी पाचावर धारण बसली.

माझं दुकान वाद्यदुरुस्तीचं. मागची खोली मी भाचीला आणि तिच्या दोस्तांना गाण्यासाठी दिली आहे. भाचीला सगळे चिमणी म्हणतात. अंगाने एवढीशी, पण वरचा सूर लावला की माझ्या कपाटातली तुटकी गिटारही झणझणते. ड्रम वाजवतो तो धडाम. त्याला जिना उतरतानासुद्धा आवाज न करता उतरता येत नाही. तिसरा गिटारवाला, दिवसा कॉम्प्युटरवर काम करतो. सगळा हिशोब तोच ठेवतो, म्हणून तो मुनीम.

आधी ही पोरं आपली गाणी एका बड्या ॲपवर टाकायची. तिथे कोट्यवधी गाणी. एकदा मुनीमने पाहिलं तर चिमणीच्या गाण्याच्या वर, पहिल्या नंबरवर काय होतं? झोप येण्यासाठी आठ तास टेबलफॅनचा आवाज. पुढे त्या ॲपच्या यंत्राला वाटलं की चिमणीचं गाणं दुसऱ्याच कुणाचं तरी आहे, आणि एका सकाळी ते उडवलं. विचारायला गेलं तर उत्तर देणारंही यंत्रच.

मी असतो तर दोन शिव्या हासडून गप्प बसलो असतो. ही पोरं बसली नाहीत. त्यांनी ब्लॉकचेन धरली. मला मुनीमने समजावलं ते असं: "मामा, एक वही समजा. तिच्या हजारो प्रती हजारो घरांत. हे गाणं चिमणीचं, असं एकदा त्यात लिहिलं की कुणाच्या बापाला खोडता येत नाही. एका वहीत खाडाखोड केली तर बाकीच्या बोंब मारतात."

"आणि ऐकणारे?"

"ते थेट आपल्याकडून गाणं घेतात. मधे कोणी नाही."

दोन वर्षांत नऊ गाणी त्या वहीत चढली. मुनीम रात्ररात्र जागून एकेका माणसाला गाणं कसं घ्यायचं ते शिकवायचा, धडाम ड्रम पाठीवर टाकून गावोगाव वाजवून यायचा. असे करत चारशे श्रोते जमले. चारशे म्हणजे काय, असं नाक मुरडू नका. मी भर चौकात ॲकॉर्डियन वाजवलं तेव्हा चारच जमले होते, त्यातला एक रस्ता विचारत होता.

माझ्या बहिणीला मात्र हे पटेना. मग बड्या ॲपवाल्यांकडून चिमणीला करार आला: सगळी गाणी आमच्याकडे द्या, आम्ही तुम्हाला वर काढतो. मायलेकींत वाजलं. शेवटी चिमणीने शब्द दिला, "आई, दहावं गाणं रविवारी दुपारी बाराला चारशे जणांना मिळेल असं मी जाहीर केलंय. नाही पोचलं, तर मी सही करते."

आता या वहीची एक गंमत आहे. नव्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर आपलं पान उघडायला बारा शब्दांची चावी लागते. साधे शब्द, पण ठरलेल्या क्रमाने. मुनीमने ते एकाच कागदावर लिहिले, कॉम्प्युटरमध्ये ठेवायचे नाहीत म्हणाला. कागद चिकटवला मोठ्या ड्रमच्या आत, कातड्याला. तिथे कोण चोर जाणार? आणि शब्द पाठ व्हावेत म्हणून चिमणीने त्यांना चाल लावली. खोलीत तालीम सुरू व्हायच्या आधी सगळे ती गुणगुणायचे:

चाक, मीठ, कोल्हा, शिडी,
बटण, छत्री, वाळू, होडी,
गुडघा, काच, पोपट, घडी.

(शब्द मी इथे बदललेत. थापाड्या असलो तरी चावी वाटत फिरण्याइतका खुळा नाही.)

त्या रविवारी सकाळी नऊला मुनीम दहावं गाणं चढवायला बसला. एरवी पान त्याच्या फोनवर उघडलेलंच असायचं, आणि फोन आदल्या दिवशी पाण्याच्या बादलीत पडलेला. "काही हरकत नाही, कागद आहे," म्हणत त्याने ड्रम उघडला.

कागद नव्हता.

"तो तुमचा होता होय?" धडाम म्हणाला. "अरे, महिनाभर झर्र झर्र वाजत होतं आतून. मी काढून टाकला. आता कसा गोल आवाज येतो, ऐक."

त्याने वाजवूनही दाखवला. खरोखर गोल आवाज होता. ड्रम वाजवणाराच असं करू शकतो: तिजोरीची चावी फेकून द्यायची, का तर ती सुरात नाही!

"चावीचं गाणं आहे ना," चिमणी म्हणाली. तिने म्हटलं, मुनीमने टाइप केलं. चूक. त्या पानाची रीत अशी की तीनदा चुकलं की ते दिवसभर रुसून बसायचं.

आणि मला आठवलं. पहिल्या दिवशी हे गाणं लंगडत होतं. पहिल्या ओळीला जुळेल असा शेवट दुसऱ्या ओळीला नव्हता. मीच म्हणालो होतो, "अरे, शब्द इकडचा तिकडे करा की!" पोरांनी केला, आणि दोन वर्षं तेच म्हणत आली.

मी सांगितल्यावर सगळे माझ्याकडे वळले. "कुठला शब्द, मामा?"

इथेच घात झाला. ही दुरुस्ती मी गिऱ्हाइकांना, दर वेळी वेगळेच शब्द घालून, शंभरदा सांगितली होती. पहिल्यांदा सांगताना मी दोन शब्दांची जागा बदलली होती. पुढे चार. गेल्या महिन्यात तर बाराच्या बारा मीच रचले होते. आता त्यातलं खरं कुठलं, मलाच सापडेना.

"छत्री आणि काच," मी ठासून म्हणालो.

चूक. दुसरी संधी गेली. कचऱ्यात कागद शोधण्यात आणि वाद घालण्यात घड्याळात साडेअकरा झाले. माझी बहीण कराराचा कागद हातात धरून दारात उभी.

"दादा," ती म्हणाली, "आयुष्यात एकदा तरी सरळ बोल."

"बोलतोच आहे गं! छत्री नाही, बटण होतं. नाही, थांब..."

चिमणी पुढे आली. तिने माझ्या टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला आणि काम करताना मी धरतो तसा माझ्या दातांत आडवा दिला. मग ॲकॉर्डियन माझ्या मांडीवर ठेवलं.

"मामा, त्या दिवशी तू आमच्याबरोबर वाजवत होतास. लंगडत होतं तेव्हाही. तसंच वाजव. विचार करू नकोस."

दातांत लोखंड असलं की थाप मारता येत नाही. मी डोळे मिटले, भाता ओढला. बोटं आपली आपण चालली. चिमणी टेबलावर बोटाने एकेक शब्द मोजत होती.

"थांब! दुसऱ्या शब्दाला तू दोन सूर वाजवलेस. आपण तिथे मीठ म्हणतो, त्याला एकच लांब सूर पुरतो."

"पुढे वाजवा, मामा," मुनीम पुटपुटला.

दुसऱ्या ओळीच्या शेवटी, होडीच्या जागी, माझं बोट एकाच पट्टीवर लांब राहिलं. लंगडं, जुळत नसलेलं.

"होडी वर होती," चिमणी म्हणाली. "मीठ खाली."

"शेवटची संधी आहे," मुनीम म्हणाला. "खात्री आहे?"

"त्याच्या तोंडाची नाही," चिमणी म्हणाली, "बोटांची आहे."

मुनीमने टाइप केलं. पान उघडलं. धडामने आनंदाने ड्रमवर जो दणका दिला त्याने शेजारच्या दुकानातली सगळी घड्याळं पाच मिनिटं पुढे गेली, म्हणून मी तुम्हाला नक्की वेळ सांगू शकत नाही, पण गाणं बाराच्या आत पोचलं. चारशे घरांत.

मी स्क्रूड्रायव्हर काढायला गेलो, तर बहिणीने माझा हात धरला. "राहू दे थोडा वेळ," म्हणाली. मग तिने कराराची घडी घातली, पिशवीत टाकली आणि लेकीला म्हणाली, "वाजव बघू ते दहावं. मीही ऐकते."

नवी चावी कुठे ठेवली ते मला कोणी सांगत नाही, आणि बरोबरच आहे. पण त्यांचं अकरावं गाणं आलंय. नीट कान देऊन ऐका. मोठ्या ड्रमच्या प्रत्येक ठोक्यामागे बारीक झर्र वाजतं. धडाम दात-ओठ खातो, पण काढत नाही.