फायनलआधीचे रिकामे दिवस

अमरावतीला कॉलेजात असताना विमल विद्यापीठाच्या सॉफ्टबॉल संघातून खेळायची. पुढे इंजिनिअर म्हणून सिंगापूरला आली आणि चाळिशीत तिने पुन्हा बॅट हातात घेतली. २००८ साली तिच्या ऑफिसचा संघ हौशी लीगची सेमीफायनल जिंकला आणि तिथंच अडकून बसला. कारण दुसरी सेमीफायनल पावसा-विजांमुळे दर शनिवारी पुढे ढकलली जात होती.

"बरंच झालं," संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा सुयश म्हणाला. त्याचा खांदा दुखत होता. "तेवढीच विश्रांती."

"तुला विश्रांती. बाकीच्यांचे हात आखडतील त्याचं काय?" विमल म्हणाली. "गेल्या वर्षी अमेरिकेत कोलोरॅडोचा बेसबॉल संघ कसला जिंकत सुटला होता. मग आठवडाभर बसून राहिला आणि फायनलचे चारही सामने हरला."

"समोरचा संघच भारी होता, ताई."

यावर दोघांचं एकमत होईना. शेवटी ठरलं की सुयशने चेंडूला हात लावायचा नाही, बाकीच्यांनी क्लेमेंटीच्या मैदानावर सराव करायचा. पण चेंडू टाकणार कोण? विमलने नवऱ्याकडे पाहिलं.

"मी हा खेळ कधी खेळलेलो नाही," उत्तम म्हणाला.

"खेळायचं नाहीये. नुसतं टाकायचं."

उत्तमने टाकलेला चेंडू उंच जायचा आणि निवांत खाली यायचा. तो पोचायच्या आधीच बॅट फिरून गेलेली असे. सगळे हसून बेजार होत. हळूहळू मंडळी चेंडूची वाट बघायला शिकली. विमलला मात्र धास्ती वाटू लागली. याची सवय लागली, तर खऱ्या पिचरसमोर काय होणार?

अखेर एका शनिवारी दुसरी सेमीफायनल झाली आणि फायनल लगेच रविवारी ठेवली. समोर आली तोआ पायोह भागातल्या संघाची ह्वी लिंग, लीगमधली सगळ्यात वेगवान पिचर.

पहिल्याच डावात सुयशची विश्रांती अंगाशी आली. खांदा ठणठणीत होता, पण चेंडूचा नेम साफ गेला होता. बघता बघता तीन धावा गेल्या. बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारी कॅचर विमलच होती. ती उठून त्याच्याजवळ गेली.

"इतका जोर कशाला? थोडा वेळ उत्तमसारखा टाक."

सुयशला हसू फुटलं. हात सैल झाला आणि चेंडू पुन्हा जागेवर पडू लागले.

तिकडे ह्वी लिंगचा खांदा आदल्या दिवशीच्या सामन्याने भरून आला होता. तिचा चेंडू संथ येत होता. घाई करणारे बॅटर चुकले असते. विमलच्या संघाने मात्र शांतपणे वाट पाहिली आणि एकामागून एक फटके मारले. शेवटच्या डावात विमलच्या फटक्यावर विजयाची धाव निघाली.

सामन्यानंतर दोन्ही संघ हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलच्या गर्दीत, जेवायला गेले. ह्वी लिंग खांद्यावर बर्फाची पिशवी धरून बसली होती.

"तुम्हाला विश्रांती मिळाली, म्हणून जिंकलात," ती म्हणाली.

"विश्रांतीमुळे हरता हरता वाचलो," सुयश म्हणाला.

वाद बराच रंगला. विमलने दोघांचंही ऐकून घेतलं, मग उत्तमच्या ताटात साते कबाबाची आणखी एक काडी ठेवली. तो थोडा लाजला, पण नको म्हणाला नाही.