लेखिकेचा परिचय

कॉलेजात त्यांना सगळे लायब्ररीबाई म्हणत. सव्वीस वर्षांत त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं, आणि बाईंची त्याबद्दल तक्रारही नव्हती. तेच नाव पुढे असा घोळ घालेल, हे मात्र त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

बाईंनी चार वर्षं खपून ग्रंथपालांसाठी एक पुस्तक लिहिलं. वेबवर हवं ते कसं शोधावं, नको ते कसं गाळावं, सापडलेलं खरं की खोटं ते कसं पारखावं, असं सगळं त्यात होतं. तेवीस प्रकरणं, शिवाय परिशिष्टं. घरातल्या जेवणाच्या टेबलाची वाटणीच झाली होती, अर्ध्यावर कागद आणि अर्ध्यावर तिघांची ताटं. सासूबाई ताट सरकवत म्हणायच्या, "वेबवर सगळं आपोआप सापडतं म्हणतात. मग तू एवढं काय लिहितेस?" या प्रश्नाचं उत्तर बाईंनी प्रस्तावनेत सविस्तर दिलं होतं. सासूबाईंनी प्रस्तावना वाचली नाही.

प्रकाशकांचं कार्यालय दंतवैद्यांच्या आणि नळकाम करणाऱ्यांच्या पुस्तकांनी छतापर्यंत भरलेलं होतं. त्यांनी बाईंचं पुस्तक हातावर तोलून पाहिलं आणि घेतलं. बाईंनी प्रुफं चारदा तपासली. अवतरणचिन्हांच्या प्रकरणात अवतरणचिन्हंच उलटी पडली होती, ती सरळ करून घेतली. मुखपृष्ठ दाखवा म्हटल्यावर प्रकाशक म्हणाले, "मॅडम, आतलं तुमचं, बाहेरचं आमचं." लेखिकेचा परिचय तेवढा मागितला. बाईंनी दोन ओळी पाठवल्या: सव्वीस वर्षं महाविद्यालयात ग्रंथपाल. हे पहिलंच पुस्तक.

छापील प्रती आल्या तेव्हा बाई देवघेवीच्या टेबलावर होत्या. त्यांनी सुतळी कापली, वरची प्रत उचलली आणि उलटी केली. मागे एका उंच, करारी बाईचा फोटो होता. अंगात गणवेश, शेजारी जीभ बाहेर काढून बसलेला दांडगा कुत्रा. खाली लिहिलं होतं, 'शोधकार्याचा पंचवीस वर्षांचा अनुभव. श्वानपथकाच्या प्रमुख प्रशिक्षक. तीन भूकंपांत ढिगाऱ्याखालून अकरा जणांना शोधून काढण्यात मोलाचा वाटा. ग्रंथपालांसाठी हे त्यांचं पहिलंच पुस्तक.'

बाईंनी फोन लावला.

"नाव तुमचंच आहे ना?" प्रकाशकांनी विचारलं.

"नाव माझंच आहे. बाकी काही माझं नाही. मी दोन ओळी पाठवल्या होत्या."

"त्या फारच कोरड्या होत्या, मॅडम. म्हणून आमच्या संपादिकेने वेबवर तुमचं नाव टाकलं, पुढे 'शोध' टाकलं, आणि पहिलंच जे आलं ते घेतलं."

"सातवं प्रकरण वाचलंत का? 'एकाच नावाची दोन माणसं.'"

"अनुक्रमणिकेत पाहिलंय," प्रकाशक म्हणाले.

पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करू, असं ठरलं. घरी नवऱ्याने पुस्तक उलटसुलट करून पाहिलं आणि निदान शुद्धलेखन चांगलं आहे म्हणाला. सासूबाईंनी प्रत लांब धरली. "फोटो झकास आलाय गं. कुत्रा कुणाचा?"

बाईंना वाटलं होतं, पुस्तक कुणाच्या खिजगणतीतही नसेल. झालं उलटंच. ग्रंथपालांच्या मासिकात परीक्षण आलं, 'लेखिकेचा प्रत्यक्ष मैदानातला अनुभव पानोपानी जाणवतो, विशेषतः स्वल्पविरामाच्या वापराबद्दलच्या विवेचनात.' सव्वीस वर्षं रोज बाईंना पाहणाऱ्या प्राचार्यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. "कुत्र्यांचं कधी बोलला नाहीत," ते जरा दुखावल्या सुरात म्हणाले, आणि प्रयोगशाळेतून नाहीशा होणाऱ्या स्टुलांचा माग काढता येईल का, असं विचारलं. बाईंनी खुलासा केला. प्राचार्य म्हणाले, "असं का," आणि बाई निघताना स्टुलांची यादी त्यांच्या हातात दिली.

मग ग्रंथपालांचं अधिवेशन आलं. बीजभाषणाला लेखिका येणार असल्याचं बाईंना परिपत्रकातून कळलं. त्या गेल्या. सभागृहाच्या दाराशी त्यांच्याच नावाचा फलक होता, त्यावर तोच फोटो, आणि फलकाखाली प्रत्यक्ष ती उंच बाई चहा पीत उभी होती. कुत्रा नव्हता. बाईंनी आपलं नाव सांगितलं.

"अरे देवा, तुम्हीच का त्या?" प्रशिक्षकबाईंनी कप खाली ठेवला. "मी या लोकांना तीनदा कळवलं, पुस्तक माझं नाही. म्हणे, तुमचा विनय आहे. शेवटी म्हटलं, जाऊनच सांगावं."

"तुम्हाला उगीच त्रास झाला."

"त्रास कसला. पुस्तक मागवून वाचलं मी. दोनदा."

संपादिका, प्रकाशक, परीक्षक, प्राचार्य, नवरा, इतक्या हातांतून पुस्तक गेलं होतं. वाचलं असं म्हणणारं हे पहिलंच माणूस होतं.

व्यासपीठावर प्रशिक्षकबाईंनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, पुस्तक समोर तिसऱ्या रांगेत बसलेल्या बाईंचं आहे. लोक कौतुकाने हसले. मग त्या म्हणाल्या, "कुत्र्याला आधी वास द्यावा लागतो. चुकीच्या माणसाचा मोजा हुंगायला दिलात, तर तो चुकीचा माणूस अगदी बरोबर शोधून आणतो. कुत्र्याची चूक नसते. हे पान बारावर आहे, तिथे मोज्याऐवजी शब्द आहे, एवढंच." चारशे ग्रंथपालांनी मोजा लिहून घेतला.

भाषणानंतर सहीसाठी रांग लागली, ती अर्थात उंच बाईंपुढे. त्यांनी एकाही प्रतीवर सही केली नाही. प्रत्येकाला तिसऱ्या रांगेकडे पिटाळलं. बरेचजण वाटेतच चहाकडे वळले. नऊजण आले. त्यातल्या एकाने सही घेऊन ती फलकावरच्या नावाशी ताडून पाहिली आणि बाईंना विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

दुसऱ्या आवृत्तीवर परिचय बाईंचाच आला, दोन कोरड्या ओळी. आता संपादिका इतकी सावध झाली होती की 'सव्वीस' हा आकडा खरा का, हे विचारायला तिने दोनदा फोन केला. आवृत्ती सावकाश खपू लागली. प्रकाशकांनी एकदा हळूच सुचवून पाहिलं, निदान कुत्रा तरी ठेवता आला असता. बाई नाही म्हणाल्या.

त्याच आठवड्यात प्रशिक्षकबाईंचं पत्र आलं. दोन पानं, बारीक अक्षर. पान एकशे चाळीसवर दिलेला पत्ता उघडत नाही. सोळाव्या प्रकरणातलं तिसरं उदाहरण करून पाहिलं, भलतंच सापडतं. परिशिष्टात एक नोंद दोनदा आली आहे.

बाईंनी टेबलावरची ताटं उचलली, पत्र समोर पसरलं आणि पेन्सिलीला टोक केलं.

"आता काय परत नवीन?" सासूबाईंनी विचारलं.

"चुका निघाल्यात," बाई म्हणाल्या. सासूबाईंनी सुनेला इतकं खुशीत क्वचितच पाहिलं होतं.