मल्लिकार्जुनमामांची चिमूट

पोरगी बघायला पोरगा जातो. सोमशेखरच्या बाबतीत सगळं उलटंच. अक्कलकोटचे मल्लिकार्जुनमामा म्हणले, "पोराचं घर मागनं, आधी पोराचं काम बघू." आन आपल्या लेकीला, उर्वीला, संगं घेऊन थेट एमआयडीसीत, कारखान्यात हजर!

सोमशेखर तितं केमिस्ट. चादरीवर छापायचा रंग पसरू नये म्हणून त्यात जी चिकट पेस्ट घालत्यात, ती तो टाकीत तयार करायचा. उर्वी त्याला फोटोतच लई आवडलेली. म्हणून आज इस्त्रीचा शर्ट, आन तोंडाचा पट्टा सुटलेला.

"हे बघा मामा, टाकीत बारके बारके कण असत्यात. ही पयली पूड टाकली की ते हात धरून साखळी करत्यात. साखळी लांब, तर माल घट्ट. पूड जास्त पडली न्हायतर गरमी वाढली, की साखळ्या आखूड. माल म्हंजे ताक!"

"आन ही दुसरी पूड?" उर्वीनं इचारलं.

"ती साखळ्यांना एकमेकीला बांधती. चिमूटभर बास."

हितंच गप बसायचं की! पण पाहुण्याच्या हातानं मुहूर्त करायची आपली खोड. हा म्हणला, "मामा, चिमूट तुमच्या हातानं पडू द्या."

मामा पडले यात्रेतल्या जेवणावळीचे आचारी.

"हर्र बोला हर्र!" म्हणत मामांनी मूठ उघडली. मूठ!

मोटरनं आधी घुं केलं, मग घूंऽऽ केलं. माल फिरत्या दांड्यावर चढाया लागला, जसं काय त्याला वर कुटं वरातीलाच जायचंय. मग मोटर बंद. मामांनी बोटानं टोचलं, तर सगळी टाकी थुलथुल हालली.

"छान जमलंय की," मामा म्हणले. "वड्या पाडायच्या का?"

सोमशेखरचं डोस्कं सटकलं. "वड्या? ओ मामा, दोन बोटात मावती तिला चिमूट म्हणत्यात! साऱ्या साखळ्या एकात एक गुतल्या. आता गरम करा, पाणी वता, बापजन्मात पातळ व्हायचं न्हाय हे!"

बोलून झालं आन त्याचं त्यालाच कळलं. गेली सोयरीक.

मामांच्या मिशा थरथरल्या. "उर्वी, नडी! चल घरला."

उर्वी हालली न्हाय. "अप्पा, तुमच्या सांबारात मीठ किती पडतंय ठावं हाय? सारी पंगत पाणी पीत बसती, आन आई म्हणती, गप गिळा. तुमाला तोंडावर सांगणारा ह्यो पयला माणूस गावलाय. मी न्हाय सोडत ह्याला."

मामांनी टाकीत परत एकदा बोट टोचलं. मग बाह्या वर सारल्या.

"फावडं हाय का, जावईबापू?"

सोमशेखर पळत जाऊन दोन घेऊन आला. उर्वीनं तिसरं मागितलं.